पाण्याखालचा धुरा

वासुदेवराव बटण दाबणार नाहीत, हे ललिताबाईला पक्कं ठाऊक होतं. बेचाळीस वर्षं तिनं या माणसाबरोबर संसार केला होता. दाढ दुखली तरी हा माणूस तीन दिवस तोंडातून ब्र काढत नाही, आणि गाल सुजून भोपळा झाला की मग म्हणतो, जरा ठणकते. असल्या माणसाच्या गळ्यात कसलंही यंत्र अडकवा, काय उपयोग? तरीही ती संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत वीरेंद्रच्या खुर्चीमागे उभी होती आणि भिंतीवरच्या पडद्यावरून तिची नजर हलत नव्हती.

मे महिना होता. दुपारी साडेतीनला वारा सुटला, आणि तो साधासुधा नव्हता. खोलीच्या पत्र्यावर ठेवलेले दगडसुद्धा सरकायला लागले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर गेलेले सगळे डोंगे एकेक करून काठाला लागले. एकच डोंगा यायचा राहिला होता, आणि तो कोणाचा असणार हे गावात कोणाला विचारायची गरज नव्हती.

"दिसते का काही?" तिनं विचारलं.

"काकू, त्याइनं बटन दाबल्याशिवाय दिसत नाई जी. किती डाव सांगू?" वीरेंद्र म्हणाला. तो मच्छीमार संस्थेचा कारकून. चाळिशीचा, सोशिक माणूस, पण आज त्याचीही सहनशक्ती संपत आली होती.

"मंग तुमचं हे मशीन कोन्या कामाचं?"

वीरेंद्रनं डोक्याला हात लावला.

बिचाऱ्याची तरी काय चूक? पळसटोली हे मुळात धान पिकवणाऱ्यांचं गाव. धरणाचं पाणी चढलं, तसं गाव उचलून वरच्या माळावर आणून वसवलं आणि शेतं खाली पाण्यात राहिली. मग नांगर धरलेल्या हातांनी जाळी धरली, संस्था काढली, परवाना मिळवला. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. पण पहिल्याच दिवशी डोंगे पाण्यात लोटताना जे झालं, ते दुसऱ्या कुठल्या गावात होणार नाही. तुलाराम सरळ आपल्या बुडालेल्या शेतावर जाऊन थांबला आणि तिथंच त्यानं जाळं टाकलं. बाबुलालनं त्याच्या शेतावर टाकलं. संध्याकाळपर्यंत जो तो आपापल्या बांधीवर होता. बांधी म्हणजे धानाचा तुकडा, पण आता वर वीस-पंचवीस हात पाणी. पाण्याबाहेर राहिलेले वाळक्या झाडांचे शेंडे बघून ही माणसं ओळखायची की इथं आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि पलीकडे शेजाऱ्याची बांधी. मासे अर्थातच धुरा पाळत नव्हते. माणसं मात्र पाळत होती. बांध कोरला म्हणून जशी भांडणं व्हायची तशीच आता जाळं सरकलं म्हणून व्हायला लागली, आणि धुऱ्याच्या रेषेवर प्लास्टिकचे पांढरे डबे तरंगायला लागले.

त्यातच मागच्या पावसाळ्यात दोन डोंगे उलटले. माणसं वाचली ती नशिबानं. म्हणून हिवाळ्यात नागपूरच्या कुठल्याशा संस्थेची मंडळी आली आणि प्रत्येक डोंग्यामागे एक तरंगणारं जॅकेट, एक शिट्टी आणि एक यंत्र देऊन गेली. यंत्र तळहातात मावेल एवढं, नारिंगी रंगाचं, गळ्यात अडकवायला दोरी. संकटात सापडलात तर लाल बटण तीन सेकंद दाबून धरा, म्हणाले. यंत्र लुकलुकतं, कर्कश ओरडतं आणि तुम्ही कुठं आहात ते संस्थेच्या पडद्यावर लाल ठिपक्यानं दाखवतं. कागदावर त्याचं नाव काहीतरी भारदस्त होतं. गावानं पहिल्याच संध्याकाळी त्याला बोंबल्या म्हणायला सुरुवात केली.

पुढं त्या बोंबल्याचं जे झालं ते आठवलं तरी ललिताबाईचा पारा चढायचा. तुलारामनं शिट्टी परसातली वानरं हाकलायला लावली. बाबुलालनं यंत्र भाच्याच्या वरातीत नेलं, छान लुकलुकतं म्हणून. लाल ठिपका लाखांदूरच्या लग्नमंडपात उमटला आणि इथं वीरेंद्र जेवणावरून उठून धावला. तिच्या स्वतःच्या घरातलं जॅकेट वासुदेवरावांनी डोंग्यात बूड टेकायला घेतलं. मऊ लागते, म्हणाले. ती दर सकाळी बजावायची, घाला म्हणून. ते दर सकाळी हो म्हणायचे.

पण हे सगळं एकवेळ परवडलं. खरी गोम त्या पडद्यावरच्या नकाशात होती. पडद्यावर नुसतं निळं पाणी दिसायचं, ते म्हाताऱ्यांना पसंत पडेना. सगळीकडं निळंच निळं, त्यात माणूस कुठं आहे ते कसं समजायचं? दोन सभा त्यावरच झाल्या. शेवटी वीरेंद्रनं कंटाळून जुन्या गावाचा शेतनकाशा मिळवला आणि त्या निळ्यावर बेमालूम बसवला. प्रत्येकाची बांधी, प्रत्येकाचा धुरा, प्रत्येकाचं नाव. मग आठवडाभर गाव त्या खोलीत लोटलं. ललिताबाईही आली होती. आपल्या पाच बांध्या तिनं बोटानं एकेक मोजल्या आणि घरी जाऊन उगाच रडली होती.

आता त्याच नकाशापायी तिच्या नवऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

कारण तेवढ्यात तुलाराम ओलाचिंब होऊन आत आला आणि म्हणाला, "वहिनी, भाऊचा डोंगा म्या पायला. अर्धा घंटा झाला. वाऱ्यानं ढकलत नेला. बुडल्या झाडाच्या खुटावर आदळला असंल, पानी भरून राहिलं होतं. मी हाका मारल्या, पन माह्याच डोंग्याचं काई खरं नव्हतं."

"कोनीकडं?"

तुलारामनं दाराकडं पाहिलं. दाराशी लाकडी बाकावर कृष्णराव बसले होते, वासुदेवरावांचे थोरले भाऊ. वारा सुटल्यापासून ते तिथं बसून होते.

"याइच्या बांधीत," तुलाराम हळूच म्हणाला.

झालं. ललिताबाईला सगळं लख्ख कळलं. आता मेला तरी तो माणूस बटण दाबणार नव्हता. दाबलं असतं तर लाल ठिपका कृष्णरावांच्या नावावर उमटला असता, सगळ्या गावादेखत.

एकोणीस वर्षांपूर्वी, पाणी यायच्या आधी, दोघा भावांत धुरा सरकवण्यावरून वाजलं होतं. दोन हात जमीन. थोरला म्हणे मी सरकवला नाही, धाकटा म्हणे दरसाल सरकवतोस. चावडीवर पंच बसले, आणि पंचांसमोर वासुदेवरावांनी हातात माती घेऊन शपथ घेतली, ह्याच्या बांधीत माहा पाय पडंल तं माहं मढंच पडंल. थोरल्यालाही चेव चढला. तेही म्हणाले, म्या ह्याचा धुरा वलांडला तं मले माह्या भावाचं मेलेलं तोंड पाहा लागंल. शपथा दोन झाल्या, पण मरायला दोघांनीही ललिताबाईचाच नवरा निवडला होता. हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही. तिच्या आलं होतं, पण भरल्या चावडीत, भासऱ्यांसमोर ती काय बोलणार? नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही आणि तोंडानं शब्द काढायचा नाही, ही रीत ती लग्न झाल्यापासून पाळत आली होती.

मग पाणी आलं, धुरा बुडाला, दोन हात जमीन बुडाली, चावडीसुद्धा बुडाली. शपथा तेवढ्या कोरड्या राहिल्या.

कृष्णराव बाकावरून उठले. संस्थेची इंजिनाची बोट चालवणारा डोमा सकाळीच साकोलीला गेला होता. जन्मभर डिझेलचे पंप हाताळलेल्या कृष्णरावांनाच ते इंजिन कळायचं, म्हणून किल्ली त्यांच्याकडं असायची. त्यांनी ती बंडीच्या खिशातून काढली आणि काठाकडं चालायला लागले. कोणी सांगितलं नाही, त्यांनी कोणाला विचारलं नाही. ललिताबाई मागोमाग गेली आणि बोटीत चढून बसली. वीरेंद्र धावत आला, काकू तुमी कायले, म्हणायला लागला. तिनं नुसतं पाहिलं. त्यानं मुकाट्यानं तिच्या लुगड्यावरून जॅकेट चढवून पट्टे आवळले.

इंजिन सुरू होतंय तोच खोलीच्या दारातून तुलारामची हाक आली, "ठिपका आला. ठिपका आला जी."

"कोठी?" वीरेंद्रनं विचारलं.

"वासुदेवभाऊच्या सोताच्याच बांधीत. मोहाच्या झाडापाशी."

वीरेंद्रचा जीव भांड्यात पडला. ललिताबाईनं मात्र मनातल्या मनात हिशेब केला, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्ध्या तासापूर्वी हा माणूस भावाच्या बांधीत बुडत होता. मोहाचं झाड तिथून दोन बांध्या पलीकडं, आपल्या स्वतःच्या शेतात. म्हणजे फुटका डोंगा सोडून, चौसष्ट वर्षांचा हा माणूस, वाऱ्याविरुद्ध, गळ्यात बोंबल्या अडकवून, धुरा ओलांडून पोहत गेला होता. तिथं पोचल्यावर, आपल्या मालकीच्या पाण्यात बुडायची सोय झाल्यावर, मग त्यानं बटण दाबलं होतं.

"वाचले तं मीच जीव घेतो याइचा," ती पुटपुटली. कृष्णरावांनी ऐकलं असावं. त्यांनी इंजिनाचा वेग वाढवला.

वारा आता पडत चालला होता, पण पाणी अजून उसळत होतं. वाटेत डोंगा दिसला, काठोकाठ भरलेला, नुसती कड वर. त्यात ते जॅकेट होतं, बूड टेकायचं. ललिताबाईनं तिकडून मान फिरवली. पुढं पांढऱ्या डब्यांची रांग लाटांवर नाचत होती, आणि रांगेच्या पलीकडं, चाळीसएक हातांवर, मोहाच्या वाळक्या खोडाला मिठी मारून वासुदेवराव लटकले होते. नुसतं डोकं आणि दोन हात वर. गळ्यातला बोंबल्या लुकलुकत किंचाळत होता.

डब्यांपाशी आल्यावर कृष्णरावांनी इंजिन बंद केलं.

ललिताबाईला आधी वाटलं, बिघडलं. मग तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते डब्यांकडं बघत होते.

"दोर टाकतो," कोणालाच उद्देशून नसल्यासारखे ते म्हणाले. भावजयीशी तेही कधी थेट बोलत नसत. त्यांनी दोर फेकला. तो अर्ध्यावर पडला. ओढून पुन्हा फेकला. पुन्हा अर्ध्यावर.

"येऊ नोको म्हणा त्याले," पलीकडून वासुदेवरावांचा आवाज आला, बायकोला उद्देशून. आवाज पार बसला होता. "दुसरा डोंगा धाडा. मी थांबतो."

थांबतो म्हणे. बसथांब्यावर उभा असल्यासारखा.

"त्याले सांगा," कृष्णराव हवेला म्हणाले, "का मले भी यायची हौस नाई."

असे दोघं. एक खोडाला, एक बोटीत, मध्ये चाळीस हात पाणी आणि चार डबे. ललिताबाईच्या नाकात दम आला. तिला वाटलं, दोघांचीही डोकी धरून एकमेकांवर आपटावीत, आवाज तरी होईल. पण मग तिची नजर कृष्णरावांच्या हातांवर गेली. गुंडाळलेला दोर ते सोडत होते आणि पुन्हा गुंडाळत होते. सत्तर वर्षांचा तो माणूस पदराआडून दिसत होता तेवढाच तिला आजवर ठाऊक होता. आज तिनं पदर मागं सारला आणि सरळ तोंडाकडं पाहिलं.

ते हट्टाला पेटलेलं तोंड नव्हतं. म्हातारा भ्यायला होता.

"म्या वलांडीन," ते तोंडातल्या तोंडात बोलत होते, "अन् त्याचा हात आताच सुटंल. त्या दिवशी माह्याच तोंडातून निंगालं होतं. मीच बोललो होतो."

एकोणीस वर्षं हा माणूस धुऱ्याच्या या बाजूला का राहत होता, ते तिला तेव्हा समजलं. तिचा नवरा त्या बाजूला का पोहत गेला, तेही समजलं. भांडण केव्हाच विटून गेलं होतं, दोघांना आता फक्त शपथेची भीती होती. हे समजल्यानं राग कमी व्हायला हवा होता. तो दुपटीनं वाढला. एवढं एकमेकांच्या जिवाला जपता, तर एकदा बसून बोलायला काय झालं होतं?

समोर वासुदेवरावांचा एक हात खोडावरून घसरला. लाट डोक्यावरून गेली. डोकं पुन्हा वर आलं, पण सावकाश.

ललिताबाई बोटीच्या काठावर उभी राहिली.

"म्या कोनतीच शपथ घेतली नोती जी," ती म्हणाली. बेचाळीस वर्षांत भासऱ्यांशी बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य. "तुमच्या दोघाइच्या भी बांधीत म्या धानाचा रोवणा केला हाय. मले कोनी धुरा सांगू नोका."

आणि तिनं पाण्यात उडी घेतली.

तिला पोहता येत नव्हतं. जॅकेट माणसाला तरंगवतं एवढं वीरेंद्रच्या तोंडून तिनं शंभरदा ऐकलं होतं, आणि वीरेंद्रवर विश्वास ठेवायची तिची ही पहिलीच वेळ. आधी ती खाली गेली. नाकातोंडात पाणी, कानात दडे, लुगडं पायांना गुंडाळलेलं. मग पट्ट्यांनी काखेत धरून वर ओढल्यासारखी ती वर आली आणि लाटेनं तिला भलतीकडंच ढकललं. खोडाकडं जाण्याऐवजी ती गरगर फिरत डब्यांच्या रेषेनं लांब चालली.

"ललिता," वासुदेवराव ओरडले. लग्नानंतर त्यांनी चारचौघांत तिला नावानं हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यांनी खोड सोडलं. हातात बळ नव्हतं, तरी तिच्या दिशेनं हात मारायला लागले आणि दोन हात मारून दिसेनासे झाले.

तिनं किंचाळायला तोंड उघडलं ते पाण्यानंच भरलं. पण कानावर इंजिन आलं. बोट डब्यांवरून अशी आली की एक डबा फुटून उडाला. कृष्णरावांनी इंजिन बंद केलं, वाकून पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि भावाला सदऱ्याच्या मानेला धरून वर ओढलं. कुठून आणलं एवढं बळ, देव जाणे. मग वल्हं मारत ते तिच्यापाशी आले. मध्येच थांबले नाहीत, संकोचले नाहीत. दंडाला धरून त्यांनी तिलाही आत घेतलं.

बोटीच्या तळाशी वासुदेवराव आडवे पडले होते. खोकले, पाणी ओकले, पुन्हा खोकले. कृष्णराव त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले. दोन्ही हातांत त्यांनी भावाचं तोंड धरलं आणि बघत राहिले, कितीतरी वेळ. डोळे उघडे आहेत, ओठ हलतात, श्वास गरम लागतो, एकेक करून खात्री करून घेत होते. त्यांच्या दाढीवरून पाणी गळत होतं आणि ते सगळं काही धरणाचं नव्हतं.

"जित्ता हायेस," ते म्हणाले.

वासुदेवरावांनी मान हलवली. हात उचलून त्यांनी भावाचं मनगट धरलं आणि ते सोडलं नाही. ललिताबाईनं पुढं होऊन बोंबल्याचं बटण दाबलं तेव्हा कुठं ते किंचाळणं थांबलं.

बोट वळली. ललिताबाई कुडकुडत बसली होती. सुटका झाली, आता बोलायची पाळी आपली, म्हणून मनातल्या मनात ती नवऱ्यासाठी शब्द निवडत होती. त्यातले काही शब्द भासऱ्यांसाठीही होते. एकोणीस वर्षांचा साठा होता, घाई नव्हती.

तेवढ्यात वासुदेवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दादा, हिले पोहता येत नाई."

"मले काय मालूम? मले वाटलं येत असंल," कृष्णराव म्हणाले. "उडी घेतली सरळ."

"अक्कलच नाई तिले. पयलेपासून."

"नाईच. अशी कोनी उडी घेते काय? आपून दोघं होतो ना इथं."

"तेच तं. म्या थांबतो म्हनलो होतो."

"म्या दोर टाकूनच राहिलो होतो. तिसऱ्या डावात पोचला असता."

"पोचला असता," वासुदेवराव म्हणाले. "तुहा हात लांब जाते, लहानपनी भी जाये."

संतापानं ललिताबाईचे कान तापले. जिच्यामुळं हे दोघं एका बोटीत बसले, तिचीच अक्कल काढत होते, आणि एकाच्या तोंडातलं वाक्य दुसरा पुरं करत होता. तिनं तोंड उघडलं. मग पाहिलं, नवऱ्याचा हात अजून थोरल्याच्या मनगटावरच होता, आणि तिनं ते मिटलं. डोळ्यांतलं पाणी ओल्या पदरानं पुसलं, त्यानं काहीच पुसलं गेलं नाही.

काठ दिसायला लागला होता. वीरेंद्र, तुलाराम, अर्धं गाव तिथं उभं होतं. तिथं पोचलं की प्रश्न, गर्दी, आणि मग दोघं दोन घरांत.

"इंजन जरा हळू चालवा जी," ललिताबाई भासऱ्यांना म्हणाली.